तराजू कुठे उभा आहे?

चाचणी परीक्षा चालू होती. मागच्या बाकावरच्या मुलाने शेजाऱ्याकडे चिठ्ठी सरकवली आणि मी ती पकडली. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "सर, आपनेच तो पढाया था, सब इजाफी है. आपकी तरफ से देखो तो नकल, हमारी तरफ से देखो तो मदद." वर्ग हसला. मलाही हसू आले; पण चिठ्ठी खिशात टाकताना मनात काहीतरी खुपले. कारण मुलगा खोटे बोलत नव्हता. आठवडाभरापूर्वी दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा शिकवता शिकवता मी आइन्स्टाईनपर्यंत पोचलो होतो आणि तास संपताना, खरे सांगायचे तर वाहवा मिळवण्यासाठीच, बोलून गेलो होतो की या दुनियेत सगळेच इजाफी आहे, सगळेच सापेक्ष आहे.

हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात, वाझ संपल्यावर चहाच्या टपरीवर. कोणी लाच घेतली, कोणी मुलीची शाळा सोडवली, कोणी बहिणीचा वारसाहक्क बुडवला, की शेवटी कोणीतरी म्हणतोच, "अपनी अपनी नजर की बात है." आणि त्यात चार इयत्ता शिकलेला माणूस असला तर तो आइन्स्टाईनची साक्ष काढतो. त्या चिठ्ठीनंतर मी ठरवले की हा साक्षीदार नेमके काय म्हणाला होता ते एकदा नीट पाहावे. माझे गणित बेताचे. पण जयंत नारळीकरांनी मराठीत जे लिहून ठेवले आहे ते माझ्यासारख्यांसाठीच. 20 मे 2025 रोजी ते गेले तेव्हा घरातला एखादा बुजुर्ग उस्ताद गेल्यासारखे वाटले, जरी मी त्यांना कधी पाहिले नव्हते. उर्दूतही हा विषय परका नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हेच शिक्षणाचे माध्यम होते, त्या काळात तिथले गणिताचे प्राध्यापक डॉ. रझीउद्दीन सिद्दीकी यांनी सापेक्षतेवर उर्दूत पुस्तक लिहिले. इकबालच्या 1923 च्या 'पयाम-ए-मशरिक'मध्येही आइन्स्टाईनवर एक कविता आहे. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ऐकली होती. आम्हीच मधल्या काळात अर्धवट ऐकून सोडून दिली.

सुरुवात सोपी आहे. लहानपणी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला गाडीत मी बसलेलो आहे. ती आता बंद पडली, पण ज्यांनी तो प्रवास केला त्यांना तिची चाल आठवत असेल. माणूस खाली उतरून, बोरे वेचून पुन्हा चढेल, अशी थट्टा चाले. खिडकीतून बघताना बाभळीची झाडे मागे पळत. मी आईला विचारले होते की झाडे पळतात की आपण? आईने सांगितले, "अपन चल रहे बेटा, झाड कायकू चलेंगा?" आई बरोबर होती, पण प्रश्नही अगदीच खुळा नव्हता. अल्बेरुनीने हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात, सुमारे 1030 साली, आर्यभटाच्या अनुयायांचे मत नोंदवले आहे की आकाश फिरत नाही, पृथ्वी फिरते. त्यावर तो म्हणतो की असे मानले तरी ज्योतिषशास्त्राचे गणित बिघडत नाही. जे दिसते त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी लागतो. आणि म्हणूनच हा प्रश्न सोडवायला कठीण आहे. हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान विद्वानाने संस्कृत ग्रंथ वाचून हे लिहावे, आणि हा काफिरांचा विचार म्हणून तो बाजूला सारू नये, याचे मला आजही अप्रूप वाटते.

गती सापेक्ष आहे, ही गोष्ट अशी जुनी. 1905 साली आइन्स्टाईनने जे केले ते याच्या पुढचे आणि काहीसे उलटे आहे. त्याने दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, निसर्गाचे कायदे सगळ्यांना सारखेच लागू. एकसारख्या चालणाऱ्या गाडीतल्यालाही तेच आणि फलाटावरच्यालाही तेच. दोन, उजेडाचा वेग सगळ्यांना तेवढाच मोजता येतो, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. धावत्या गाडीतून चेंडू पुढे फेकला तर फलाटावरच्याला त्यात गाडीचा वेग मिळालेला दिसतो. उजेडाचे तसे होत नाही. गाडीतून टॉर्च मारा की फलाटावरून, उत्तर एकच. आता वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. दोघांचे उत्तर एकच यायचे तर दोघांची अंतराची आणि वेळेची मापे मात्र एक राहू शकत नाहीत. म्हणून घड्याळे वेगळी चालतात, लांबी वेगळी भरते.

मापे बदलतात, ती कायदा बदलू नये म्हणून. मी वर्गात हेच उलटे सांगून बसलो होतो. आइन्स्टाईनला स्वतःलाही 'सापेक्षता' या नावाने लोकांचा गैरसमज होतो याची जाणीव होती. अंतर आणि वेळ यांची एका ठराविक रीतीने सांगड घातली की जो आकडा मिळतो तो सगळ्या पाहणाऱ्यांचा एकच भरतो. हे न बदलणारे शोधायचे, तेच या शास्त्राचे खरे काम आहे.

आणखी एक गोष्ट बदलत नाही, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. दोन घटना एकमेकींशी काही संबंध नसलेल्या आणि एकमेकींपासून इतक्या दूर असल्या, की उजेडालाही मधल्या वेळात एकीकडून दुसरीकडे पोचता येऊ नये, तर त्यातली आधी कोणती आणि नंतर कोणती, यावर दोन पाहणाऱ्यांचे एकमत होईलच असे नाही. पण जिथे एका घटनेमुळे दुसरी घडली आहे, तिथे हा क्रम कोणालाही उलटा दिसत नाही. कितीही वेगाने पळा. गंजीला काडी लागली आधी आणि धूर निघाला नंतर. दंग्यांनंतरच्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत, जिथे प्रत्येक गल्लीची सुरुवात दुसऱ्या गल्लीतून होते, त्यांना या एका नियमाचे महत्त्व समजावून सांगायला नको. त्या चिठ्ठीवाल्या मुलालाही मी नंतर एवढेच विचारले, "जवाब पहले किसके दिमाग में आया? तेरे, या उसके?" तो म्हणाला, "मेरे." मी म्हणालो, "ये किसी भी तरफ से देख, बदलता है क्या?" मग तो हसला नाही.

आपल्याकडे याच्या जवळचा एक रोजचा दाखला आहे, तो चाँदचा. केरळात ईद एका दिवशी आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी, असे झाले की टिंगल सुरू होते. पण चाँद पश्चिमेला किती वेळ थांबतो, क्षितिजावर किती उंच असतो, ते ठिकाणाप्रमाणे बदलते. फिकहमध्ये याला 'इख्तिलाफ-ए-मतालिअ' असा शब्दच आहे. सहीह मुस्लिममध्ये कुरैब यांची रिवायत आहे. शामच्या लोकांनी चाँद मदिन्याच्या एक दिवस आधी पाहिला होता. तरी इब्ने अब्बास यांनी मदिन्याच्या दर्शनाचाच हिशेब धरला. दूरचे दर्शन किती धरावे यावर इमामांचे मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की दोन गावांचे दोन चाँद झाले म्हणून कोणी असे म्हणत नाही की आता ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा ईद करावी. चाँद एकच आहे. तो कुठून पाहिला ते सांगावे लागते, आणि गवाही द्यावी लागते.

आता गुरुत्वाकर्षणाकडे येतो. चिठ्ठीचे प्रकरण त्याच धड्यातून निघाले होते. आम्ही त्याला 'कशिश-ए-सकल' म्हणतो. मराठीत 'आकर्षण', आमच्यात 'कशिश'. दोन्ही शब्दांत ओढ आहे, जणू धरतीने हात लांब करून आंबा खाली घेतला. अल्बेरुनीनेच ब्रह्मगुप्ताचे म्हणणे उतरवून ठेवले आहे की वस्तू ओढून धरणे हा पृथ्वीचा स्वभाव आहे. न्यूटनने 1687 मध्ये या ओढीचे गणित दिले आणि ते दोनशेहून अधिक वर्षे बिनतक्रार चालले. तक्रार होती ती बुधाची. त्याची कक्षा हिशेबापेक्षा शंभर वर्षांत 43 विकला जास्त सरकते. पै-पैशाचा फरक म्हणा. पण हिशेब चोख ठेवणाऱ्याला पैचाही फरक झोपू देत नाही.

1907 मध्ये, बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करताना, आइन्स्टाईनच्या मनात आले की वरून पडणाऱ्या माणसाला पडता पडता स्वतःचे वजन जाणवत नाही. उर्साच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलेल्या कोणालाही हे अर्धे माहीत असते. पाळणा वरून खाली येतो तेव्हा पोटात गोळा येतो आणि क्षणभर बाकडे खालून निसटल्यासारखे होते. मी वर्गात स्प्रिंगचा काटा नेला, खेडा खरेदीवाले कापूस मोजायला वापरतात तसला छोटा. त्याला वीट टांगली आणि हात झपकन खाली नेला. काट्याचा आकडा उतरला. वीट तीच होती. पूर्ण मोकळे पडू दिले तर आकडा शून्य होईल. मग वजन कशाचे होते? विटेचे, की ती पडू नये म्हणून मी वर धरले होते त्याचे?

याच प्रश्नातून आठ वर्षांनी, 1915 मध्ये, नवा सिद्धांत निघाला: ओढ नाहीच; जड वस्तूंच्या आसपास काळ आणि जागा यांनाच वळण पडते, आणि वस्तू त्या वळणावरून आपल्या सरळ वाटेने जातात. हे समजावताना मी टरबुजाचा आधार घेतो. टरबुजाच्या पोटावर, बरोबर मधल्या रेषेवर, दोन मुंग्या शेजारी शेजारी ठेवा आणि दोघींना देठाकडे सरळ चालू द्या. कोणीही डावी-उजवीकडे वळलेली नाही, तरी देठापाशी त्या एकमेकींना भिडतात. लांबून बघणारा म्हणेल, यांच्यात कशिश आहे. कशिश नाही, टरबूज गोल आहे. बुधाच्या त्या 43 विकलांचा हिशेब या सिद्धांताने चुकता केला. 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण त्याने सांगितले तेवढे वळलेले सापडले.

काळालाही वळण पडते म्हणजे काय, ते आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलला आपली जागा सांगणारे उपग्रह सुमारे 20 हजार किलोमीटर उंचावर फिरतात. तिथे पृथ्वीचा प्रभाव कमी, म्हणून त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. त्यांच्या वेगामुळे सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात. उरले 38. हा फरक काढून टाकला नाही तर एका दिवसात जागा सांगण्यात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल. मी मोठ्या ऐटीत वर्गाला सांगितले की तुमच्या मोबाईलवरचा किब्लासुद्धा आइन्स्टाईनमुळे बरोबर आहे. एका मुलीने वहीवर हिशेब करून दुसऱ्या दिवशी दाखवले की दहा किलोमीटरने यवतमाळहून मक्केची दिशा ओळखू येईल एवढी बदलतच नाही. तिचे बरोबर होते. रुग्णवाहिका मात्र चुकीच्या गावात जाईल. घड्याळे तर आता इतकी बारीक झाली आहेत की 2010 मध्ये एका प्रयोगात फक्त 33 सेंटीमीटर उंचीच्या फरकानेही काळाचा फरक मोजला गेला. मिनारावरचे घड्याळ आणि हौजाकाठचे घड्याळ एक नाही. अजानची वेळ चुकण्याइतका मात्र फरक नाही, काळजी नसावी.

इथे एक विषयांतर करतोच. आपल्यात असे बयान करणारे वाढले आहेत की हे सगळे कुरआनात आधीच आहे. अल्लाहकडचा एक दिवस तुमच्या हजार वर्षांसारखा, असे आले आहे ना, तीच सापेक्षता. टाळ्या पडतात. मला यात इमानाची मजबुती दिसत नाही, घाई दिसते. न्यूटनचा सिद्धांत दोनशेहून अधिक वर्षे अटळ वाटला आणि मग त्यात दुरुस्ती झाली. उद्या आइन्स्टाईनच्या सिद्धांतातही होईल. स्वतः नारळीकरांनी 1964 मध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होताच. ज्यांनी आयत या खुंटीला टांगली ते खुंटी निघाल्यावर काय करणार? आणि जे शास्त्र आपण शोधले नाही, मोजले नाही, त्यावर नंतर हक्क सांगणे ही नकलच झाली. मागच्या बाकावरचा मुलगा निदान उत्तर स्वतः काढत होता.

मोजायचे काम तर आपल्या दाराशी आले आहे. पुसद-उमरखेडकडून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा. तिथे औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा होणार आहे. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी कळावा, असा तिचा दम. अमेरिकेत अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती थरथर. यंत्रे दोन का, असे मुले विचारतात. एकट्या यंत्राची गवाही पुरत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ते थरथरते. दुसरीकडून तीच खूण आली तर मानायचे. आणि ती कुठून आली हे ठरवायला तर आणखी लांबचे यंत्र हवे. भारतातले यंत्र त्यासाठीच.

पुन्हा काट्याकडे. चंद्रावर स्प्रिंगच्या काट्यावर 6 किलोचा कापूस 1 किलो भरेल. पण दोन पारड्यांच्या तराजूत एकीकडे कापूस, दुसरीकडे वजनमापे टाकली तर चंद्रावरही 6 किलोच भरेल, कारण दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात. हे सांगताना मला आत कुठेतरी समाधान वाटत होते. माप मारणाऱ्यांवर एक आख्खी सूरह उतरलेल्या उम्मतीला मीझान किती जवळचा, आणि इथे तराजूच सापेक्षतेवर मात करतो! तेवढ्यात त्याच मुलीने हात वर केला. "सर, पडत्या लिफ्ट में तराजू रखे तो?"

मी थांबलो. पडत्या लिफ्टमध्ये एका पारड्यात वीट आणि दुसऱ्यात रुई ठेवा, दांडी हलणार नाही. जशी ठेवाल तशी राहील. तराजू खोटे बोलत नाही, तो बोलतच नाही. त्यालाही पायाखाली जमीन लागते.

त्यानंतर काही दिवसांनी जिल्ह्यातल्याच एका गावातून, दूरच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याची खबर आली. त्यांनी स्वतःचाच जीव घेतला होता. कोरडवाहू कपाशी, दोन वर्षांची नापिकी, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज. आमच्या जिल्ह्यात हे कोणाला सांगावे लागत नाही. मशिदीच्या ओट्यावर जनाजाच्या नमाजवरून बोलणे चालू होते. एक बुजुर्ग म्हणत होते, "गुनाह तो गुनाह है, बेटा." कॉलेजात शिकलेला एक तरुण म्हणाला, "चाचा, आजकल ये सब रिलेटिव्ह है." दोघांनी माझ्याकडे पाहिले, मास्तर म्हणून.

मला तरुणाच्या बाजूने बोलता आले नाही. जीव अमानत आहे आणि ती परत मागितली जाण्याआधी टाकून देणे चूक आहे, हे मला इकडूनही तसेच दिसते आणि तिकडूनही तसेच. उद्या त्या गावातला दुसरा एखादा शेतकरी रात्री एकटा बसलेला असेल, त्याच्या कानावर 'सब रिलेटिव्ह है' जाऊ नये असेही मला वाटते. पण बुजुर्गांच्या बाजूनेही बोलवेना. ते ओट्यावर बसून बोलत होते. पाय जमिनीवर, पोट भरलेले, तराजूची दांडी हलते आहे. ज्याच्या पायाखालची फरशीच निसटली होती त्याच्या हातातल्या तराजूचे काय झाले असेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. कायदा तोच, पण वजन कुठून केले ते सांगायचे राहून गेले होते.

भौतिकशास्त्रातून फतवा काढायचा नसतो, हे मला कळते. मी वर ज्या बयानांना नावे ठेवली त्यांच्यासारखेच ते होईल. म्हणून मी लिफ्टची गोष्ट सांगितली नाही. एवढेच म्हणालो की हनफी फिकहमध्ये अशा माणसाची नमाज पढली जाते, इमामसाहेबांना विचारा. इमामसाहेब तोवर आलेच होते. ते म्हणाले, "नमाज होगी. हिसाब लेनेवाला दूसरा है." बुजुर्ग काही बोलले नाहीत. सफ लावताना मात्र ते पहिल्या रांगेत होते.

तकबीरच्या आधी नेहमीप्रमाणे पुकारले गेले की मरहूमवर कोणाचे कर्ज असेल तर त्याने माफ करावे, नाहीतर वारिसांना भेटावे. सोसायटी काही सफेत उभी नव्हती. दोघा-तिघांनी हात वर करून "माफ" म्हटले; कोणाचे बियाण्याचे, कोणाचे उसनवारीचे. मोठा आकडा तसाच राहिला. तो थोरल्या मुलाला तोंडपाठ होता, आणि मुलगा आमच्या शेजारीच उभा होता.